कुमुदिनीबाईंचा गोड आवाज

कुमुदिनी आरवाडे यांचा कुणावरही विश्वास नसे, आणि त्याबद्दल सरकारने त्यांना निवृत्त होईपर्यंत पगार दिला होता. सांगलीच्या वजनमापे कार्यालयात त्या निरीक्षक होत्या. त्यांची स्कूटर पेठेच्या कोपऱ्यावर दिसली की हळदीचे भलेभले व्यापारी काट्यावरून हात काढून घेत. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं चिंचोक्याएवढं मेण त्यांनी पकडलं होतं, इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात दडवलेली चकती पकडली होती, आणि एका पंपमालकाने चहा पुढे केला तेव्हा कपसुद्धा मापून पाहिला होता, असं त्यांचे जुने शिपाई बाबासाहेब खोत शपथेवर सांगत. हे शेवटचं खरं नसावं. पण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते खरं वाटे, यातच काय ते समजा.

नोकरी सुटली तरी खोड थोडीच सुटते? दूधवाल्याचं माप झालं, रद्दीवाल्याचा काटा झाला, गॅसच्या टाकीखाली वजनकाटा सरकवून झाला. आता विश्रामबागेतल्या त्या घरात एकट्या राहणाऱ्या बाईंच्या संशयाला एकच मोठं गिऱ्हाईक उरलं होतं, ते म्हणजे त्यांची सून केतकी.

केतकी मूळची अमरावतीची. बाईंचा मुलगा सन्मती आणि ती, दोघं एस्टोनियात टॅलिन नावाच्या शहरात नोकरीला होते. या नात्याची सुरुवातच वाईट झाली होती. लग्नात व्याह्यांनी चांदीचं ताट दिलं, आणि कुमुदिनीबाईंनी ते चारचौघांत काट्यावर ठेवायला लावलं. वजन अगदी बरोबर भरलं. पण केतकीच्या आईचा चेहरा पडला तो पडलाच, आणि केतकी पुढे कितीतरी महिने सासूशी एक शब्द बोलली नाही. बाईंना यात आपलं काय चुकलं हे कळलं नाही. ताट कमी भरलं असतं तर?

मग दोन दिवाळ्यांमागे सन्मती आला, भिंतीवर मोठा पडदा लावून नवा घरसंगणक बसवून गेला, आणि त्यानंतर चमत्कार झाला. केतकीचे फोन सुरू झाले. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, आणि आता रोज संध्याकाळी चहाच्या वेळी ती पडद्यावर हजर असे. आई, तुमचा गुडघा कसा आहे. आई, मंजू वेळेवर येते ना स्वयंपाकाला. मधल्या काळात तिची स्वतःची आई वारली. आणि आता तिला दिवस गेले होते, तर ती म्हणाली, आई, बाळंतपणाला मी तुमच्याकडेच येणार, मला दुसरं माहेर कुठे आहे. सातव्या महिन्याचं विमानाचं तिकीटसुद्धा काढून झालं.

दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते. कुमुदिनीबाई म्हणाल्या, कुठेतरी पाणी मुरतंय. त्यांचा साधा हिशेब होता: सून गोड बोलायला लागली की घराची कागदपत्रं जागेवर आहेत का ते पाहून यावं. त्या कपाट उघडून पाहूनही आल्या. कागदपत्रं जागेवर होती, पण संशय काही तसूभर हलला नाही.

त्यात चटणीचं प्रकरण झालं. बाईंनी कारळ्याची चटणी स्टीलच्या डब्यात भरून टॅलिनला पाठवली होती. केतकी म्हणाली, अप्रतिम झालीय, सन्मतीला मी हातसुद्धा लावू देत नाही. पुढच्याच आठवड्यात बाईंनी उरलेली बरणी स्वतःसाठी उघडली, घास तोंडात घातला आणि बेसिनकडे धावल्या. मीठ दोनदा पडलं होतं. त्यांनी घातलं होतं, आणि बाई विसरल्या असतील म्हणून मंजूनेही मूठभर घातलं असणार. मंजूला त्या काही बोलल्या नाहीत. हातात बरणी धरून उभ्या राहिल्या. ही चटणी तोंडात घालून कुठलाही जिवंत माणूस अप्रतिम म्हणणार नाही.

मग कोण म्हणालं होतं?

पेपरात त्यांनी वाचलं होतं की आता माणसाच्या वतीने बोलणारे प्रोग्रॅम मिळतात. परदेशातली मुलं ते घरच्या म्हाताऱ्यांच्या फोनला लावून देतात. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा, आणि बोलतं यंत्र. केतकीचं तर कामच संगणकाच्या सुरक्षेचं. तिला हे बसवायला कितीसा वेळ लागणार? म्हणजे रोज संध्याकाळी आपण कपबशी घेऊन बसतो ते एका यंत्रापुढे. राग आला असं त्यांनी स्वतःला सांगितलं, पण खरं म्हणजे त्यांना फार वाईट वाटलं होतं. त्या फोनची आपण वाट बघतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता त्यांच्या खात्याची एक रीत असे. दुकानदारावर संशय आला की साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं, साखर घ्यायची आणि बाहेर येऊन ती आपल्याजवळच्या प्रमाण वजनाने तोलायची. आपल्याला पक्कं माहीत असलेलं वजन दुसऱ्याच्या काट्यावर ठेवलं की काटा लबाड आहे का ते उघडं पडतं. बाईंनी तेच करायचं ठरवलं. जे वाक्य ऐकून कुठलीही सून उसळेल, असं एक वाक्य त्यांनी मनात तयार केलं, आणि केतकी पडद्यावर आल्यावर ते सावकाश, शब्द न गिळता म्हटलं.

“नुसती बसून राहू नकोस. आळशी बाईचं बाळंतपण अवघड जातं, आणि तुझ्या आईने तुला कामाचं वळण लावलेलं दिसत नाही.”

केतकीचे डोळे भरून आले. ती हसली आणि म्हणाली की मी रोज चालायला जाते, तुम्ही काळजी करू नका, आणि आईची आठवण मलाही फार येते हो या दिवसांत.

आईच्या आठवणीचा विषय कुणी काढला होता? बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. एवढा अपमान गिळून डोळ्यांत पाणी आणून हसणारी सून या पृथ्वीतलावर नाही. त्यांच्या मते गुन्हा जवळजवळ सिद्ध झाला होता. फक्त एकदा तोलून पंचनामा होत नाही, तोच माल दुसऱ्या काट्यावरही तोलावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या हरिपूरला खोतांकडे गेल्या. खोतांकडे अजून हातात धरायचा जुना फोन होता, नुसता बोलण्यापुरता. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. खोत म्हणाले, “मॅडम, सून ग्वाड बोलत्या म्हणून तक्रार करणारी सासू मी पयल्यांदाच बघतोय.” बाईंनी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी निमूट फोन दिला.

टॅलिनमध्ये तेव्हा नुकतं उजाडलेलं, केतकी कामावर निघायच्या तयारीत असणार. अशा वेळी अनोळखी नंबरवरून फोन गेला तर तो तिचं यंत्र नव्हे, ती स्वतः उचलेल, असा बाईंचा कयास होता. तिनेच उचलला. बाई म्हणाल्या, मी आई बोलतेय, खोतांच्या फोनवरून. केतकीने घाबरून विचारलं, सगळं बरं आहे ना. बरं आहे म्हणून बाईंनी कालचं वाक्य जसंच्या तसं, एका शब्दाचाही फरक न करता पुन्हा म्हटलं.

“कोण बोलतंय?” केतकीने विचारलं. हा आवाज बाईंनी लग्नानंतर ऐकला नव्हता.

“कोण म्हणजे? तुझी सासू.”

“माझ्या सासूबाई असं बोलत नाहीत. त्यांचा आवाज कुठून उचललात? एका म्हाताऱ्या बाईच्या आवाजात माझ्या मेलेल्या आईला शिव्या द्यायला लाज नाही वाटत? पुन्हा या नंबरवरून फोन आला तर मी पोलिसांत देईन.”

फोन बंद झाला. खोतांनी विचारलं, काय म्हणाली. बाईंनी सांगितलं. खोत पाणी आणायला आत गेले. कुमुदिनीबाईंची बाजू घेऊन आजवर कुणी असं भांडलं नव्हतं, आणि आता भांडलं तेही त्यांच्याशीच.

संध्याकाळी केतकीने रोजच्या वेळेआधीच फोन लावला. चेहरा उतरलेला होता. तिने सांगितलं, कुणीतरी तुमचा आवाज चोरलाय, मला नको नको ते बोलले, तुम्ही कुणाला पैसे पाठवू नका, दार उघडू नका, मी इथून तक्रार करते. बाईंना ते ऐकवेना. त्या स्पष्ट म्हणाल्या, “केतकी, ती मीच होते.”

केतकीने मान हलवली. “हो आई, मी पण सावध राहीन. तुम्ही नका घाबरू.”

बाई पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. त्यांनी पुन्हा म्हटलं, मीच बोलले ते, सकाळी. केतकी पुन्हा म्हणाली, किती धीर देता हो तुम्ही. बाईंनी काहीतरी निमित्त काढून फोन बंद केला आणि पडद्याकडे बघत बसल्या. त्या बोलत होत्या एक, आणि पोचत होतं दुसरंच. मापात दांडी मारली जात होती हे खरं, पण ती पलीकडच्या काट्यावर नव्हे, आपल्याच.

इथे बाईंना आठवू नये ती गोष्ट आठवली. निरीक्षकाची स्वतःची वजनंसुद्धा वरच्या प्रयोगशाळेत नेऊन ठरल्या वेळी तपासून घ्यावी लागतात. नोकरीत त्यांनी हे कधी चुकवलं नव्हतं, सहकारी चुकवत तेव्हा त्यांची खरडपट्टी काढली होती. पण घरी बसल्यावर त्यांनी सगळ्या जगाचे काटे तपासले आणि आपल्या तोंडून निघालेला शब्द पलीकडे तेवढाच भरतो का, हे एकदाही पाहिलं नाही.

खोतांना बोलावून घेतलं. त्यांना फोन देऊन फाटकाबाहेर उभं केलं, आणि बाईंनी आतून घरसंगणकावरून त्यांना फोन लावला. म्हणाल्या, “खोत, तुम्ही गाढव आहात.” थोड्या वेळाने खोत आत आले ते हसतच. काय ऐकलंत म्हणून विचारलं तर म्हणाले, मॅडम म्हणालासा, खोत, तुम्ही फार साधे आहात. बाईंनी त्यांना पुन्हा बाहेर पिटाळलं आणि म्हटलं, मंगळवारी दहा वाजता या, आणि उशीर केलात तर दारात उभं करणार नाही. खोतांच्या कानावर पडलं, मंगळवारी दहाला या, वाट बघते. मंगळवार बरोबर होता, दहा बरोबर होते. फक्त दटावणी तेवढी वाटेत कुणीतरी काढून घेतली होती.

“राहू द्या की मॅडम,” खोत म्हणाले. “एवढ्या वर्सांत तुम्ही माज्याशी असं कवा बोललाच न्हाईसा. लई बरं वाटलं बगा.”

ते वाक्य बाईंना लागलं.

असलं यंत्र चालतं कसं, ते इथेच सांगून टाकतो. बोलण्यात दोन गोष्टी असतात, एक निरोप आणि दुसरी त्याची चव. औषध घे, हा निरोप. औषध घे म्हणून किती वेळा सांगायचं तुला, यात तोच निरोप आहे, वर तिखट आहे. आधी हे तंत्र ग्राहकसेवेच्या कंपन्यांनी बोलणाऱ्यांचे उच्चार सुधारायला वापरलं. पुढे लाखो संभाषणं ऐकून ऐकून यंत्रं निरोप आणि तिखट वेगळं करायला शिकली. मग निरोप तेवढा ठेवायचा, चव बदलायची, आणि तयार झालेलं वाक्य बोलणाऱ्याच्याच आवाजात, त्याच्याच खाकरण्यासकट म्हणायचं. पडद्यावर ओठ आणि भुवयाही त्या वाक्याला जुळतील अशा नव्याने काढायच्या. हे सगळं व्हायला पापणी लवण्याहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि दूरदेशीच्या फोनवर तेवढा उशीर होतोच म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी याला कुठल्यातरी लांबच्या अवाढव्य संगणकाची मदत लागे. आता घरातल्या भिंतीवरचा डबाच तेवढा हुशार झाला होता.

बाईंनी घरसंगणकावरच्या प्रोग्रॅमची यादी काढली. नावावरून कुणीच चोर वाटत नव्हतं. मग त्यांनी नावं सोडली आणि आकार बघितले. वजनाची भाषा त्यांना कळत होती. ‘ध्वनिशुद्धी’ नावाचा एक प्रोग्रॅम होता, काम काय तर म्हणे बोलताना मागचा पंख्याचा, कुकरचा आवाज काढून टाकणे. एवढ्याशा कामाला लागणार किती? आणि हा तर बाकीच्या सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जड भरत होता. पावशेराच्या पिशवीतून पोतंभर माल चालला होता.

त्यांनी काढून टाकण्याचं बटण दाबलं. पडद्यावर विचारणा आली: हे काढल्यास तुमच्या जवळच्या नात्यांवर परिणाम होऊ शकतो, खात्री आहे का? बाई पडद्याला म्हणाल्या, तू कोण विचारणार, आणि पुन्हा बटण दाबलं. ध्वनिशुद्धी गेली. सकाळी उठून पाहतात तर जागेवर हजर. पुन्हा काढली, संध्याकाळी पुन्हा उगवली. मोकळ्या प्लॉटवरच्या गाजरगवताचा असाच अनुभव त्यांना होता. वरून उपटून भागत नाही, बी जमिनीत राहतं. आणि हे बी पेरायला या घरात संगणकाला हात लावणारा दुसरा माणूस एकच येऊन गेला होता.

सन्मतीला त्यांनी खोतांच्या फोनवरून गाठलं. त्याने आधी कानावर हात ठेवले, मग गप्प झाला, आणि मग एकदम सगळं सांगून टाकलं. त्यानेच बसवलं होतं. दर महिन्याला पैसे भरून. केतकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या मशीनवर असलं काही टाकलं असतं तर तिने तासाभरात पकडलं असतं, म्हणून फक्त आईच्या.

“त्या ताटानंतर ती माझ्याशीसुद्धा धड बोलत नव्हती आई. आणि तू प्रत्येक फोनवर नवीन काहीतरी बोलायचीस. मला तुम्ही दोघी पाहिजे होतात. मी दुसरं काय करणार होतो?”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितल्यावर ऐकलं असतंस?”

सन्मतीने मग विनवण्या केल्या. बाळंतपण होईपर्यंत राहू दे, मग काढ. बाईंनी विचारलं, आणि ती इथे दारात येऊन उभी राहिली की काय करणार, मध्ये पडदा धरणार? तर त्याचीही त्याने सोय केली होती. आता कानात घालायचं आलंय, तो म्हणाला, समोरच्या माणसाचं बोलणंही गोड करून ऐकवतं. केतकीला देताना विमानात कान दुखू नयेत म्हणून आहे, असं सांगणार होता.

बाई घरी येऊन खुर्चीत बसल्या. चहाची वेळ टळली तरी उठल्या नाहीत. काहीच केलं नाही तर काय होणार होतं? संध्याकाळचा फोन चालू राहील. सून येईल, नातवंड या घरात रडेल. केतकी सुखी, सन्मती सुखी, आणि त्याही. हे तपासायला वरून कुणी निरीक्षक येणार नव्हता. पण पेठेत काटे जप्त करताना एक वाक्य त्यांनी शेकडो वेळा ऐकलं होतं, ‘मॅडम, गिऱ्हाईक खूश आहे, मग तुमचं काय जातंय?’ आणि प्रत्येक वेळी त्यांनी काटा उचलून जीपमध्ये टाकला होता. केतकीने आपल्याकडचं सगळं खरं दिलं होतं. तिची माया खरी, तिचे अश्रू खरे, पोटातलं मूल घेऊन यायचा तिचा निश्चय खरा. आणि त्या बदल्यात तिच्या पदरात पडलं होतं ते एका अशा बाईचं प्रेम, जी जगात कुठे नव्हतीच. सात महिन्यांची पोटुशी पोर तिच्या भरवशावर अर्धं जग ओलांडून येणार होती. ती येऊ नये असं बाईंना अजिबात वाटत नव्हतं. फार वाटत होतं की यावी. म्हणूनच हात चालत नव्हता.

शेवटी त्या उठल्या. आधी नेटची वायर काढली, म्हणजे बाहेरून नवं बी यायला नको. मग संगणक अशा तऱ्हेने चालू केला की अगदी गरजेपुरते प्रोग्रॅमच जागे व्हावेत. आता खरा प्रकार दिसला. ध्वनिशुद्धीचा एक राखणदार होता, वेगळ्याच नावाने वेगळ्याच कोपऱ्यात दडलेला. मुख्य प्रोग्रॅम काढला की तो त्याची नवी प्रत आणून बसवत असे. आत्ता तो झोपलेला होता. बाईंनी आधी त्याला काढलं, मग ध्वनिशुद्धीला, आणि सन्मतीच्या हातात असलेली घरसंगणकाची परवानगीही रद्द करून टाकली. खोतांना फाटकाबाहेर उभं करून पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, खोत, तुम्ही गाढव आहात. खोत आत आले ते खाली मान घालून. म्हणाले, “आता बरोबर आलं, मॅडम.”

“चुकले मी, खोत. नाही आहात तुम्ही गाढव,” बाई म्हणाल्या. बाबासाहेब खोत ही गोष्टसुद्धा पुढे शपथेवर सांगू लागले, पण ती कुणाला खरी वाटत नाही.

केतकीला त्यांनी स्वतःहून फोन लावला. ती पडद्यावर आली आणि बाईंनी कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं, की तुझ्याशी इतके दिवस मी बोलत नव्हते, एक प्रोग्रॅम बोलत होता, आणि तो आज मी काढलाय. केतकीचा चेहरा घट्ट झाला. तिने हात पुढे नेला, फोन बंद करायला. म्हणाली, पडद्यावर चेहरासुद्धा बनवता येतो, तुम्ही त्याच आहात कशावरून.

“चटणी खारट होती,” बाई म्हणाल्या. “मीठ दोनदा पडलंय. मी घातलं आणि मंजूनेही. हे मी अजून मंजूलाही बोललेले नाही. तू सांग, खारट होती का नाही?”

केतकीचा हात तिथेच थांबला.

“तोंडात धरवत नव्हती,” ती शेवटी म्हणाली. “पण तुम्ही इतक्या प्रेमाने पाठवली होतीत, म्हणून मी...” ती बोलता बोलता थांबली. कुणाच्या प्रेमाने, हा विचार तिच्या डोक्यात शिरताना दिसत होता. मग तिने विचारलं, “माझी आई गेली तेव्हा ‘माझं घर हेच आता तुझं माहेर’ असं कोण म्हणालं?”

खोटं बोलायची एवढी सोपी संधी बाईंना आयुष्यात मिळाली नव्हती.

“मी नाही.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणाले, झालं ते झालं. वडिलांना साखर आहे तुझ्या, आधी त्यांच्या जेवणाचं बघ. रडायला आयुष्य पडलंय.”

आणि त्या दिवशी सकाळचा फोनही मीच केला होता, बाईंनी सांगितलं, तुझ्या आईबद्दल बोलले ते बोलायला नको होतं, ताट तोलायला लावलं तेही. आता केतकी रडेल, ओरडेल, काहीतरी बोलेल असं त्यांना वाटलं. ती फक्त म्हणाली, “बरं. ठेवते मी.” आणि पडदा काळा झाला.

त्यानंतर चहाच्या वेळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. सन्मतीचा फोन आला, ती माझ्याशीही बोलत नाहीये, तिकीट रद्द केलं का विचारलं तर खोलीचं दार लावून घेते. बाईंनी केतकीला पुन्हा फोन केला नाही. वजन पारड्यात टाकलं की हात काढून घ्यायचा, काटा आपला आपण थांबतो. हात लावला तर ते तोलणं नव्हे. पण कपबशी घेऊन त्या रोज पडद्यासमोर बसत, आणि चहा निवून जाई. मंजूला सांगून त्यांनी मागची खोली झाडून घेतली, कॉटवर नवी गादी टाकली. धूळ फार झालीय, एवढंच कारण सांगितलं.

विमानाची तारीख त्यांना पाठ होती. त्या दिवशी दुपारी फाटकाशी टॅक्सी थांबली तेव्हा त्या खिडकीतच होत्या, पण लगेच बाहेर गेल्या नाहीत. केतकी उतरली, एका हाताने कंबर धरून. मंजूने धावत जाऊन भाकरीचा तुकडा आणि पाणी आणलं. बाईंनी तुकडा ओवाळून टाकला, सुनेच्या पायांवर पाणी घातलं, आणि दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

केतकीने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. चटणीचाच, बाईंनी पाठवलेला. “रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात,” ती म्हणाली.

बाईंनी सवयीने तो हातात तोलला. मग झाकण काढलं. जवसाची चटणी होती, अमरावतीकडची. चिमूटभर तोंडात टाकून त्या म्हणाल्या, “मीठ नाही यात.”

“नाहीच घातलं. तुमच्या बरणीत भरपूर आहे. दोन्ही एकत्र केल्या की होईल बरोबर.” केतकीने डोळे बाईंच्या चेहऱ्यावरून हलवले नाहीत. “सन्मतीने कानात घालायला दिलं होतं ते मी विमानतळावर कचऱ्यात टाकलं. तुम्ही जे बोलाल ते मला ऐकू येणार आहे. आणि माहेर वगैरे मला माहीत नाही. सध्या आलेय. बघू.”

ती नजर बाईंनी ओळखली. काटा कुठे थांबतो ते पाहणाऱ्या माणसाची नजर होती ती, त्यांची स्वतःची. गोड काहीतरी बोलावं असं त्यांना मनापासून वाटलं, पण ते त्यांना येत नव्हतं.

“पाय बघ कसे सुजलेत,” त्या म्हणाल्या. “विमानात मधूनमधून उठून चालायचं असतं, एवढी शिकलेली ना तू? उभी काय राहिलीस, आत ये.”

केतकीच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. “त्या सकाळी फोनवर तुम्हीच होतात,” ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडून आत आली.

बाईंनी बरणी काढली, परातीत दोन्ही चटण्या ओतून हाताने कालवल्या आणि परात सुनेपुढे धरली. केतकीने चव घेतली.

“अजून जराशी खारटच आहे,” ती म्हणाली.

आणि कुमुदिनीबाईंनी चव न बघताच ते मान्य केलं.